विहीणबाईंचा मुक्काम

मेघाश्रीला मुलगी झाली आणि तिच्या सासूबाई, अलकाताई, नात बघायला कृष्णराजनगरहून म्हैसूरला आल्या. मेघाश्रीच्या आईला, पुष्पावतीला वाटलं, दोन दिवस राहतील, बारशाचं ठरवतील आणि जातील. पण अलकाताईंनी आल्या आल्या बॅग कपाटात रिकामी केली.

"बारसं करूनच जाते की आता. घरी कोण आहे वाट बघायला?"

पुष्पावती हसली. मग त्यांची गादी कुठे घालायची ते बघू लागली.

नजरबादच्या गल्लीत तिचं घर, दोन खोल्या आणि छोटं स्वयंपाकघर. एका खोलीत बाळ-बाळंतीण, दुसरीत शिवणयंत्र, आणि आता तिथेच विहीणबाईंची गादी. ब्लाउज शिवून, साड्यांना फॉल लावून तिनं लेकीला एकटीनं वाढवलं होतं. नवरा मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात होता. तो गेला तेव्हा सगळ्यांना कावीळ सांगितली. खरं काय ते फक्त मोठ्या जावेला कळलं, आणि दुसऱ्या दिवसापासून पुष्पावतीचं ताट-लोटा न्हाणीघराच्या कोनाड्यात गेलं. तपासणीत तिलाही एचआयव्ही निघाला होता. मेघाश्रीला मात्र काही नव्हतं. पोरीला घेऊन ती त्या घरातून निघाली आणि त्यानंतर हे तिनं कुणापाशी काढलं नाही. लेकीपाशीही नाही.

सरकारी दवाखान्यातून मिळायची ती रोजची एकच गोळी. रात्रीचं जेवण झालं की घ्यायची. कितीतरी वर्षं तिनं ती चुकवली नव्हती. रक्तात विषाणू सापडूच नये इतका कमी झाला होता. "पुष्पक्का, बाकीच्यांना मी नाव न घेता तुमचंच उदाहरण देते," असं तिथली समुपदेशक स्मृती म्हणायची.

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर पुष्पावतीनं स्वयंपाकघरात डबी उघडली. आत गोळ्या खुळखुळल्या. मागून आवाज आला, "कसल्या हो गोळ्या?"

"बीपीच्या."

"अय्यो, मलाही बीपीच! बघू, कुठली देतात तुम्हाला? माझ्या गोळीनं पाय सुजतात बघा."

"रिकामीच झाली डबी. ही शेवटची होती," म्हणत पुष्पावतीनं गोळी पाण्याशिवायच गिळली आणि डबी पदराखाली धरली. मग ती शिवणाच्या चिंध्यांच्या पिशवीत तळाशी कोंबली.

पिशवी यंत्राखाली, आणि यंत्राशेजारी विहीणबाईंची गादी. त्यांची झोप सावध. दुसऱ्या दिवशी पिशवीत हात घालायची संधीच मिळाली नाही. उद्या घेऊ, असं तिनं ठरवलं. उद्या पाहुणे आले. एक चुकली, दोन चुकल्या, मग चुकण्याचीच सवय झाली. दिवसभर ती मनात म्हणायची, बारसं होऊ दे, त्या जाऊ देत, मग सुरू करीन.

एकदा पुष्पावतीचा फोन अलकाताईंनीच उचलला. "कुणी स्मृती आहे. दवाखान्यातून बोलते म्हणते."

"तिची साडी आहे माझ्याकडे, फॉल लावायला," पुष्पावती घाईनं म्हणाली. फोन घेऊन ती बाहेर गेली आणि तो नंबर ब्लॉक करून टाकला.

बारसं झालं, नातीचं नाव अन्विता ठेवलं. विहीणबाई तरी राहिल्याच. पुष्पावतीला ताप भरला. साधा असेल, गल्लीत सगळ्यांनाच होता. पण तिला खात्री वाटेना. ती लपून आरशात जीभ बघायची, गळ्यावरून बोटं फिरवायची. अलकाताई प्रेमानं काढा करून द्यायच्या, आणि त्या काढ्याच्या प्रत्येक घोटागणिक पुष्पावतीला वाटायचं, ह्यांना कळलं तर हाच पेला उद्या कुठे ठेवतील? माझ्या लेकीला नांदवतील का? नातीला उचलून घेणंही तिनं सोडलं. मांडीवर घेतल्यानं काही होत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी हात पुढे होईनात.

अखेर अलकाताई गावी गेल्या. त्याच दुपारी बाळाच्या दुपट्याला मऊ कापड शोधताना मेघाश्रीच्या हाती डबी लागली. तिनं गोळीचं नाव वाचलं, मोबाइलवर शोधलं.

"आई, हे काय आहे?"

पुष्पावतीनं सांगितलं, सगळं. बोलता बोलता तिचा हात पाळण्याच्या दोरीवर गेला. मेघाश्री उठली, बाळाला उचलून दुसऱ्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. पुष्पावती दोरी धरून तशीच बसली.

दोन दिवस लेक कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी बाळाला गुंडाळून दारात उभी राहिली. "चल. मला त्यांनाच विचारायचंय."

स्मृती रागावली नाही. "कुणासमोर घेता येत नव्हती, ते आधी सांगा," एवढंच म्हणाली. मेघाश्रीनं बाळाकडे बोट दाखवून विचारलं. उचलल्यानं, एका ताटात जेवल्यानं हा आजार होत नाही, हे स्मृतीनं तिला शांतपणे, पुन्हा पुन्हा समजावलं. रक्त तपासलं. विषाणू वाढला होता. "गोळी आजपासून पुन्हा सुरू करा," डॉक्टर म्हणाले. "तीच लागू पडेल असं वाटतं. पण काही महिन्यांनी पुन्हा तपासणी झाल्याशिवाय खात्री देता येत नाही."

ते महिने पुष्पावतीनं कसे काढले, तिचं तिला माहीत. गोळी घशाखाली गेली की वाटायचं, हिचा आता उपयोग होत असेल ना? मेघाश्री पाणी आणून द्यायची, गिळेपर्यंत उभी राहायची. बाळाला आईच्या मांडीवर ठेवायला मात्र तिला बरेच दिवस लागले. ठेवलं तेव्हाही ती जवळच बसून राहिली.

गोळी लागू पडली. विषाणू पुन्हा खाली गेला. पण तोवर मेघाश्रीला सासरी जायची वेळ झाली होती. नवऱ्याला, हर्षला, तिनं काहीच सांगितलं नव्हतं.

"सांगू का गं त्यांना?" निघताना तिनं विचारलं.

"मला नाही कळत, बाळा," पुष्पावती म्हणाली. "तुला कधी सांगावंसं वाटलं, तर आधी मला फोन कर."

गाडी गेली. त्यानंतर लेकीचा फोन वाजला की पुष्पावती हातातलं शिवण तसंच टाकते. ती तो दुसऱ्या रिंगच्या आत उचलते आणि पलीकडचा आवाज कसा आहे, ते आधी ऐकते.