ग्लेनिसने कोरी सोडलेली ओळ

आमच्या डोव्हर बंदरातल्या ग्लेनिस हारवूडचं संगणकाचं कोड जगभर चालतं आणि तिच्या शेजाऱ्यालाही ते ठाऊक नाही. एकाच मशीनवरचे चार प्रोग्रॅम सतत लागणारी माहिती सामाईक मेमरीत ठेवतात, ती सांभाळणारी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणारं तयार कोड, तिची. संगणकावरची व्यवस्था विंडोज असो की लिनक्स, दोन्हीकडे चालते. मी बंदराचा रेडिओवाला; माझ्या रेडिओ खोलीतल्या लिनक्सवरची बोटींची यादीही त्याच लायब्ररीवर.

जूनमध्ये तिचा नवरा लेस्टर ‘कॉरमोरंट’ बोट घेऊन क्रेफिश पकडायला गेला तो आलाच नाही. बोट नाही, देह नाही. यादीतून नाव मीच काढलं.

ऑगस्टमध्ये यादी अडकली, म्हणून मी प्रोग्रॅम बंद करून पुन्हा लावला. संध्याकाळी सहाला रेडिओवर बोटींची हजेरी असते, नाव पुकारलं की बोटीनं उत्तर द्यायचं; तेव्हा पडद्यावरची नावं वाचत गेलो आणि ‘कॉरमोरंट’ तोंडातून निघून गेलं. नावासमोर त्याची शेवटची नोंद होती, चौदा जून, पाच चाळीस, दक्षिणेच्या खडकांजवळ. नाव काढलं की जाई, प्रोग्रॅम पुन्हा लावला की हजर. ऑफिसातल्या विंडोजवर मात्र काही नाही. त्या खोलीत एकटं बसायची मला भीती वाटायला लागली, खोटं कशाला सांगू.

ग्लेनिसला सांगायला जीभ रेटेना, पण सांगितलं. ती लॅपटॉप घेऊन आली, चार दिवस माझ्याशेजारी बसली.

“विंडोजवर शेवटचा वापरणारा प्रोग्रॅम गेला की मेमरी आपोआप जाते,” ती म्हणाली. “लिनक्सवर प्रोग्रॅम मेला तरी मेमरी राहते, कुणी पूस म्हणेपर्यंत. म्हणून पुन्हा लावला की जुनी नोंद वर येते. ती पुसायची ओळ मी लिहिलीच नाही, नोएल. नंतर बघू म्हणून जागा कोरी सोडली. सहा वर्षं झाली.”

“मग लिही की बाई. सापडलं ना?”

“पहिल्याच दिवशी सापडलं होतं.”

ती ओळ लिहिली की लेस्टरचं नाव कायमचं जाणार होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं. मीही सवय लावून घेतली. ते नाव वाचायचं, दोन श्वास थांबायचं, पुढं जायचं.

ती सवय शुक्रवारी अंगाशी आली. ‘कॉरमोरंट’नंतर ‘डेल्फिन’ पुकारली, उत्तर नाही. मी दोन श्वास थांबलो आणि पुढचं नाव घेतलं. नियम असा, की उत्तर आलं नाही तर तीनदा पुकारायचं, मग शोधाला बोट काढायची.

“नोएल,” शेजारी बसलेली ग्लेनिस म्हणाली, “डेल्फिन बोललेली नाही. तिच्यावर तिघं आहेत.”

‘डेल्फिन’वरची वीज जाऊन इंजिन आणि रेडिओ दोन्ही बंद, बोट त्याच खडकांकडे वाहत निघालेली. शोधाची बोट वेळेत पोचली म्हणून थोडक्यात वाचली. मला अजून लाज वाटते.

शनिवारी तिनं ती पुसायची ओळ लिहिली. चालू करण्याआधी थांबली.

“लेस्टरला तू रोज एकदाच हाक मारतोस. आज तीनदा मार. नियमाप्रमाणं.”

मी माईक उचलला. तीनदा पुकारलं, प्रत्येक वेळी पूर्ण थांबलो. ती मान खाली घालून ऐकत होती. कुणी बोललं नाही.

तिनं कळ दाबली. यादी पुन्हा आली, ‘कॉरमोरंट’शिवाय, दहाच नावांची.

“मला घरी सोडशील?” ती म्हणाली. “माझ्याच्यानं आज गाडी चालवणं व्हायचं नाही.”