चिठ्ठ्या निघालेले दगड

वामन गेल्याचं मला कासारवाडीच्या फलाटावर कळलं. सकाळच्या गाडीतून उतरलो, तर आमचा गेटमन समोर उभा. "साहेब, वामनराव पहाटे गेले," एवढंच तो बोलला आणि माझ्या हातातला डबा त्याने आपल्याकडे घेतला. छातीचं दुखणं जुनंच होतं. पण चारच दिवसांपूर्वी मी त्याच्या घरी गेलो, तेव्हा हा गृहस्थ उशीला टेकून एका दगडावर चिठ्ठी चिकटवत बसला होता... "उठून बसायला बळ नाही आणि हे काय चालवलंयस?" असं मी त्याला रागावलो. तेच आमचं शेवटचं बोलणं. दीड महिना झाला, अजून ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

आम्ही दोघे रेल्वेत कारकून. मी कचेरीत टेबलाशी, आणि वामन उन्हातान्हात. रुळांखाली घालायची खडी भोसरी, दिघी, मोशीकडच्या खाणींतून यायची. तिचं माप घ्यायला तो सायकलवर हिंडायचा आणि परत यायचा तो पिशवीत दगड घेऊन. आपल्या काळ्या दगडात कुठे कुठे पोकळी निघते आणि आत पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक दाटीवाटीने उगवलेले असतात. खाणवाल्यांच्या लेखी तो किडका दगड. पिंपरीकडे कारखान्यांच्या भिंती उठायला लागल्या, तशी दगडाची मागणी वाढली आणि असले स्फटिक घणाखाली जास्तच चुरडले जाऊ लागले. वामनला ते बघवत नसे. यल्लप्पा नावाचा एक वडार होता, त्याला मात्र वामनचं दुखणं कळलं. घण घालताना दगड पोकळ वाजला की तो हात आवरायचा, फटीवर गवत टाकून ठेवायचा आणि वामनची सायकल दिसेपर्यंत तिथे सुरुंग लावू द्यायचा नाही. त्यापायी मुकादमाच्या शिव्या त्याने पुष्कळ खाल्ल्या.

घरी प्रत्येक दगडावर चिठ्ठी लागे. कुठली खाण, कुठली बाजू, कुणी काढला. पिठाची खळ, निळी शाई आणि मुंगीएवढं अक्षर. मी खूप चिडवायचो. "दगडाला पत्ता कशाला रे? पोस्टमन शोधतोय का त्याला?" तो चिडत नसे. "कुठून आला तेच गेलं तर उरली ती खडी," म्हणायचा. आपल्यामागे हे दगड पुण्याच्या कॉलेजात जावेत, तिथल्या मुलांनी ते पाहावेत, एवढी एकच इच्छा त्याने बोलून दाखवली होती. वेगळी वही मात्र त्याने कधी ठेवली नाही. चिठ्ठी दगडाला सोडून जाईल हे त्याच्या मनातच आलं नसावं.

तेराव्यानंतर कॉलेजातल्या प्राध्यापकांनी दगड बघायला यायचं ठरलं. दगडांवर धुळीचे थर होते. मी वहिनींना म्हटलं, "धुऊन टाकू, जरा चकचकीत दिसतील." त्या घुटमळल्या. "ह्यांनी कधी पाणी लागू दिलं नाही हो, भावजी." मीच हट्टाने घंगाळात रिठ्याचं पाणी केलं आणि एकेक दगड त्यात सोडला. पाणी निळं होऊ लागलं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चिठ्ठ्या वर तरंगत होत्या, कोऱ्या.

प्राध्यापक सज्जन होते. प्रत्येक दगड त्यांनी हातात घेतला. "सुंदर आहेत," म्हणाले, "पण कुठले आहेत, हे कळल्याशिवाय आम्हाला ठेवता येणार नाहीत."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सायकल काढून दिघीला गेलो आणि यल्लप्पाला सगळं सांगितलं. तो घण टाकून तसाच माझ्याबरोबर आला. वामनच्या ओटीवर बसून त्याने दगड एकेक करून उलटे केले. वरच्या स्फटिकांकडे त्याने बघितलंसुद्धा नाही, पाठीकडचा काळा दगड जिभेने ओला करून बघत होता. "ह्यो भोसरीचा. ह्यो मोशीचा, वरल्या अंगाचा. ह्यो म्या काढलेला, ह्यो माझ्या भावानं." मी नव्या चिठ्ठ्या लिहीत गेलो. संध्याकाळपर्यंत एकच दगड उरला. मुठीएवढा, फिक्या गुलाबी रंगाचा, कडब्याची पेंढी बांधावी तसा.

"ह्यो खाणीतला न्हाई," यल्लप्पा म्हणाला. "मागं मुरूम हाय. विहिरीचा असल."

"तो माझ्या माहेरचा," दारातून वहिनी म्हणाल्या. लग्नाच्या पहिल्या वर्षी थेरगावला त्यांच्या वडिलांची विहीर खोदत होते. ढिगाऱ्यात हा चमकला, म्हणून त्यांनी तो पदराला बांधून आणला आणि नवऱ्याच्या हातात ठेवला. खाणी, चिठ्ठ्या, सगळं त्यानंतरचं. इतक्या वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं.

मग त्या जवळ आल्या. वहिनींना अक्षरओळख नाही. "भावजी, ह्याच्यावरही चिठ्ठी होती. तुम्ही बघितली असेल ना... माझं नाव घातलं होतं का ह्यांनी?"

दगड मांडलेल्या त्या फळीसमोर बसून मी वर्षानुवर्षं चहा प्यायलो. वाचता येणारा माणूस मी, आणि तिथली एकही चिठ्ठी मी कधी वाचली नव्हती.

"होतं," मी म्हणालो.

"मग तसंच लिहा."

मी लिहिलं. बाकीचे दगड कॉलेजात गेले. हा एक वहिनींनी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलाय. परवा गेलो तेव्हा चुलीवर दूध ठेवून त्या चिठ्ठीवरून बोट फिरवत उभ्या होत्या. वामनने काय लिहिलं होतं, ते मी माझ्या हाताने धुऊन टाकलं. हा लेख ज्यांच्या हाती पडेल, त्यांनी तो वहिनींना वाचून दाखवू नये, एवढीच विनंती.