अठ्ठावीस लाल खंड

नवं राज्य झालं तेव्हा रायपुरात कार्यालयं भराभर उघडली आणि त्यातल्या एकात मी रोजंदारीवर टायपिस्ट म्हणून लागले. शेजारच्या टेबलावर अच्युत. पत्रं तीच, टाइपरायटर तसाच. पण तो पक्का, मी कच्ची, म्हणून त्याचा पगार माझ्या तिप्पट.

दर एकोणनव्वद दिवसांनी मला एक दिवस घरी बसवत. हजेरीपटावर लाल शाईनं ‘खंड’ लिहीत, म्हणजे सलग नोकरी दाखवून मी पक्की व्हायला नको. त्या दिवसाची मजुरीही बुडायची.

आणि नेमकं त्याच दिवशी आमचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क देवीदास लांजेवार, मला कामाला बोलवायचे. चहाचे पैसे द्यायची वेळ आली की चष्मा शोधणारा माणूस. एकदा माझं डोकंच फिरलं.

“बडे बाबू, मले फुकट काहून राबवून राहिले तुम्ही? अच्युतभैया नाही का?”

“तू ये ना बाई,” एवढंच म्हणाले.

सगळ्यांदेखत मी त्यांना कसाई म्हटलं. तरी जात राहिले. पुढचे एकोणनव्वद दिवस त्यांच्याच हातात होते ना.

सातव्या वर्षी सलग नोकरीवाल्यांना पक्कं करायचा हुकूम आला. समितीनं माझे अठ्ठावीस लाल खंड मोजले आणि अर्ज बाजूला सारला. बडे बाबू तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. कळताच पुरानी बस्तीतून सायकल हाणत आले, जावक रजिस्टरांचा गठ्ठा काढायला लावला आणि पानं उघडली. प्रत्येक खंडाच्या तारखेला, पत्रांच्या नोंदींसमोर, त्यांच्या किरट्या अक्षरात ‘टायपिंग: विमला’. खाली माझी सही. ती सही करतानाही मी दरवेळी कुरकुरले होते.

“साहेब, ही एक दिवसही घरी बसली नाही,” ते म्हणाले.

मी पक्की झाले. पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले, माफी मागायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं.

“आधी काहून नाही सांगतलं?”

“तू साऱ्या ऑफिसले सांगतलं असतं. मग रजिस्टर राहिलं असतं का?” त्यांनी पेढा तोंडात टाकला. “आता सुट्टीच्या दिवशी घरी बसजो.”

त्या महिन्यात मी आयुष्यातली पहिली पगारी रजा घेतली. घरी बसवेना. दुपारी डबा भरला आणि बडे बाबूंकडेच गेले.