पेढेवाल्याच्या मुलीचं बक्षीस

शिर्डीतल्या एका पेढेवाल्याच्या सहा वर्षांच्या मुलीला बोलणं उशिरा येतंय, म्हणून मी तिला बोलायला शिकवते. शब्द उच्चारला की बक्षीस, ही आमची पद्धत. पहिल्या दिवशी मी शहाणी बक्षीस म्हणून पेढाच घेऊन गेले. घरात परातीच्या पराती पेढे बघणाऱ्या त्या पोरीने तो सरळ ढकलून दिला.

मग तिला काय आवडतं हे तपासायला मी रीतसर दोन-दोन वस्तू तिच्यापुढे ठेवून बघितल्या. फुगा असो की बिस्कीट, ती दरवेळी दुकानातलं पेढ्यांचं रिकामं खोकंच उचलायची. आता एका शब्दाला सपाट पुठ्ठ्याचं एक खोकं दुमडून बनवायला मिळतं. दुपारपर्यंत दुकानापुरती थप्पी तयार होते.

"लई बोलाय लागली, म्याडम," म्हणत तिची आई रोज माझ्या हातात पेढे ठेवते. मला ते आवडतात का, हे तिने अजून तपासलेलं नाही.