अव्वाच्या हातांचा साचा

कोल्हापूरच्या स्टँडवर अव्वाने, माझ्या आईने, माझी बॅग तीनदा उघडून पाहिली. काही राहिलं का म्हणून नव्हे, कुणी आत काही ठेवलं तर नाही ना, म्हणून. मी शिल्पकला शिकायला जर्मनीला निघाले होते. तिथलं कॉलेज फी घेत नव्हतं, आणि फुकट शिकवणाऱ्यांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. "गोड बोलणाऱ्यापास्नं दोन पावलं लांब ऱ्हा, गिरजे," एवढंच ती म्हणाली. मग मुंबईची गाडी हलली आणि आम्ही दोघी रडलो.

अव्वाने तीस वर्षं आजऱ्याच्या कारखान्यात काजू फोडले. टरफलातलं तेल कातडी जाळतं, म्हणून बायका हाताला राख चोळून बसायच्या. त्या कामावर तिने मला आणि माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला, वाढवलं. आता ती त्याच्याकडे उचगावला असते.

कोल्हापुरात मी चित्रकला शिकले तेव्हा समोरचं माणूस हुबेहूब उतरवायचं हाच धर्म होता. नाक चुकलं की सर कागद फाडायचे. इकडे आल्यावर कळलं की हुबेहूब कधीच निकालात निघालंय. आधी कल्पना लागते. वस्तू नसली तरी चालतं. पहिल्याच वर्षी एका मुलीने रिकामी खोली मांडली आणि प्राध्यापक तिच्यावर पाऊण तास बोलले. मी मान डोलवत होते आणि मनात म्हणत होते, ही मंडळी आपल्याला गंडवतायत. सहा वर्षं झाली, संशय गेलेला नाही. फक्त कन्सेप्ट, मिनिमल, पोस्टमॉडर्न हे शब्द आता मीही सराईतासारखे फेकते.

गेल्या वर्षी सुट्टीवर आले ती काम ठरवूनच. अव्वाच्या हातांचे साचे घ्यायचे आणि त्यांत प्लास्टर ओतायचं. दातांचे डॉक्टर वापरतात ती साच्याची पावडर राजारामपुरीतून आणली. तिच्यात कातडीची बारीकशी रेघसुद्धा उमटते. उचगावला सगळे माझ्याशी जरा जास्तच गोड वागत होते. आजऱ्यातल्या आमच्या घरावरचा माझा हक्क सोडल्याचा कागद अण्णाने करून ठेवलाय, हे मला कळलं होतं. त्यामुळे वहिनी तूप वाढायला लागली की मला त्या कागदावरची सहीची जागा दिसायची.

पहिल्या साच्यातून प्लास्टरचे हात निघाले ते बोटांच्या टोकांना गुळगुळीत. वाटलं, अव्वाने हात हलवला असेल. दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा अव्वा बादलीत मनगटापर्यंत हात बुडवून बसली होती आणि अण्णा आत आला.

"तीन तीन येळा कशाला लागत्यात हिचे ठसे?" तो म्हणाला. "वकिलानं सांगितलंय व्हय?"

"तुझ्या कपाटातल्या कागदाचं आधी बोल," मी म्हणाले. मग आमचा आवाज चढला आणि शेजारी दारात आले.

अव्वाने हात बादलीतून उपसले आणि आमच्यासमोर धरले. "बघा की. ठसा हाय कुठं माझ्या बोटास्नी? काजूनं खाल्ला. रेशनचं मशीन बोट घेत न्हाय, डोळं दाखवून धान्य आणतो आम्ही. सुनेला ठावं हाय. तुमा दोघास्नी न्हाय."

हुबेहूब काढायला शिकलेल्या बाईला आईची बोटं बत्तिसाव्या वर्षी कळावीत, याची लाज वाटली. अजून वाटते. दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन अण्णाच्या त्या कागदावर सही करून आले, शहाणपणाने नव्हे, स्वतःवरच्या रागाने.

ते हात इथे जर्मनीत कॉलेजच्या प्रदर्शनात मांडले. प्राध्यापक वाकून वाकून बघत होते. ठसे पुसण्याची माझी कल्पना त्यांना फार आवडली. माणसाची ओळख खोडणं, कलाकारालाच नाहीसं करणं, असं बरंच काही बोलले. मग विचारलं, घासलं कशाने? तेव्हा सांगता आलं असतं. "बारीक पॉलिशपेपरने," मी म्हणाले.

व्हिडिओ कॉलवर अव्वाने विचारलं, "माझं हात बघून काय म्हणत्यात मानसं?"

"आवडले त्यांना."

"काजूचं सांगितलंस न्हवं?"

"सांगितलं की."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि फोन वहिनीकडे दिला.

माझ्यासारखे जे बाहेर पडलेत त्यांना हे ठाऊक असेल. इथे आपण सांगू ते खरं मानतात, कारण आपल्याला लहानपणापासून पाहिलेलं कुणी नसतं. मला घराची आठवण येते ती पुरणपोळीची नाही. मी खोटं बोलले की माझ्या तोंडावरून ओळखणारी माणसं तिथे आहेत, तेच माझं घर. अण्णा, अव्वाचे ठसे घेऊन मी काही लाटणार, हा तुझा संशय मी त्या दिवशी उडवून लावला. पण अव्वाचे हात मी घेऊन आले, आणि खालच्या पाटीवर नाव माझं आहे.