गोदामाचे पाच हुकूम

आमच्या आवक टेबलावरच्या बाईंना सगळं ऑफिस आक्का म्हणायचं. तीस वर्षं ऑफिसात आलेलं प्रत्येक पत्र त्यांनी रजिस्टरात चढवलं. क्रमांक, तारीख, विषय आणि शेवटच्या रकान्यात त्या पत्राचं काय झालं ते. मागच्या साहेबांच्या मुलीची लग्नपत्रिकासुद्धा त्यांनी नोंदवली होती आणि जेवून आल्यावर पुढे ‘निकाली’ लिहिलं होतं.

नवे साहेब आले आणि म्हणाले, महिनाभरात सगळा पत्रव्यवहार कॉम्प्युटरवर. ज्यांना जमणार नाही ते गावाबाहेरच्या गोदामात, पत्र्याखाली जुन्या फायली झटकायला. आम्ही पाच जण पन्नाशीच्या पुढचे, म्हणजे आमचीच नावं. आक्कांनी विचारलं, शिकवणार कोण? साहेब हसले.

"तुम्हाला शिकवायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी."

मी टायपिस्ट. मला तिथंच रडू फुटलं. आक्कांना मात्र राग आला, आणि त्यांचा राग कामाचा असतो.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत आम्ही स्टोअररूममधल्या जुन्या कॉम्प्युटरपुढे बसू लागलो. शिकवण्याचे व्हिडिओ फुकट मिळतात, हे आक्कांच्या लेकीने सांगितलं होतं. त्यातला मास्तर "बघा, किती सोपं आहे" म्हणेपर्यंत चार ठिकाणी क्लिक करून मोकळा व्हायचा. "थांबव त्याला," आक्का म्हणायच्या. प्रत्येक व्हिडिओची त्यांनी नव्या रजिस्टरात आवक नोंद केली. पाचही जणांनी आपल्या हाताने करून दाखवलं, तरच ‘निकाली’. आमच्यातले थोरले कारकून सात नंबरवर चार दिवस अडकले, तर आम्ही चौघं चार दिवस तिथंच.

बारा नंबरचा व्हिडिओ जड होता. पत्र एकदाच लिहायचं, नावांची यादी जोडायची, की ज्याचं त्याचं नाव आपोआप ज्याच्या त्याच्या पत्रात बसतं. आम्ही आज्ञाधारकपणे मास्तरांचीच यादी उतरवून घेतली आणि तीस अनोळखी लोकांना तपासणीला हजर राहायची पत्रं छापली. मग आक्कांनी आमचीच यादी करायला लावली. नऊ दिवस लागले.

महिना संपायला पाच दिवस असताना शिपायाने आक्कांच्या टेबलावर पाच पाकिटं ठेवली. आमच्याच बदलीचे हुकूम. साहेबांना महिनाभरसुद्धा धीर निघाला नव्हता. आणि नोंद आक्कांनीच करायची. त्यांनी पहिलं पत्र वाचलं, दुसरं वाचलं. मग पाचही एकाखाली एक मांडली आणि उठल्या. आम्ही त्यांच्या मागोमाग केबिनमध्ये.

"साहेब, पाकिटावर नावं वेगळी आहेत, पण आत पाचही पत्रं थोरल्या कारकुनांच्याच नावाने आहेत. त्यांची बदली पाच वेळा झाली, आमची एकदाही नाही."

साहेबांनी पत्रं चाळली. "नाव बदलायचं राहिलं असेल. करून देतो."

"तुम्ही कशाला? आम्ही देतो करून." आक्का माझ्याकडे वळल्या. "बस गं तू."

मी साहेबांच्या कॉम्प्युटरपुढे बसले. पाच नावं, पाच हुद्दे. एका जागी बोट अडलं.

"वर, उजवीकडे," मागून थोरले कारकून म्हणाले. सात नंबरवर चार दिवस अडकलेला माणूस.

पाच कागद बाहेर आले. ज्याचं नाव त्याच्या कागदावर. आक्कांनी ते साहेबांपुढे ठेवले आणि एका ओळीवर बोट टेकवलं.

"कारण लिहिलंय, ‘कॉम्प्युटरचे काम येत नाही’. वाचा आणि करा सही."

साहेबांनी पेन उचललं, टोपण काढलं, परत लावलं. "ठेवा. बघू नंतर."

आक्कांनी बाहेर येऊन पाचही हुकूम आवक रजिस्टरात चढवले. शेवटच्या रकान्यात लिहिलं, ‘सहीसाठी साहेबांकडे’. त्याला सहा वर्षं झाली. आक्का त्याच खुर्चीवरून निवृत्त झाल्या. आता त्या टेबलावर मी बसते, आणि त्या पाच नोंदी अजून निकाली निघालेल्या नाहीत.