दोन नावांची कादंबरी

बाईंनी एक कोरा कागद माझ्यासमोर सरकवला. त्यावर पेन ठेवलं. म्हणाल्या, "इथं बसून एक पान लिहून दाखव."

मला आधी वाटलं, पत्ता वगैरे लिहून हवा असेल. पण नाही. मी माझी कादंबरी खरंच लिहिली आहे का, हे त्यांना तपासायचं होतं. बाई प्रकाशक. नागपुरात त्यांचं नाव आहे, पुस्तकांनी भरलेलं ऑफिस आहे. शेजारच्या खुर्चीत माझी मैत्रीण सायली बसली होती. बाई तिची सख्खी मावशी. सायली मोबाइलमध्ये बघत होती. मी तिच्याकडे बघितलं, तिनं वर बघितलं नाही.

"काय लिहू?" मी विचारलं.

"काहीही. युद्धावरच लिही. तुला येतं ना."

आणि मी लिहिलं. ही माझी लाज आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. उठून जायला हवं होतं. पण एम. ए. झालेली, तेवीस वर्षांची बाई मी, शाळेतल्या पोरीसारखी मान खाली घालून पान भरत बसले. बाई घड्याळाकडे बघत होत्या. मी कुठून बघून तर लिहीत नाही ना, म्हणून मधेमधे माझ्याकडेही.

पान वाचून त्या म्हणाल्या, "बरं आहे. पण कादंबरीतली सफाई यात नाही."

आता कादंबरीचं सांगते. ती मोठ्या होत असलेल्या मुलामुलींसाठी आहे. युद्ध सुरू आहे. कोणत्या देशाचं, ते मी मुद्दामच दिलं नाही. सीमेजवळच्या गावात एक मुलगी आहे, तिची आई आपल्या फौजेचे कपडे शिवते. शत्रूचा एक सतरा वर्षांचा शिपाई वाट चुकून त्यांच्या संत्र्याच्या मळ्यात येतो आणि विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत लपतो. थंडी आहे. त्याच्या कोटाची बटणं तुटली आहेत. मुलगी सुईदोरा घेऊन येते. म्हणते, कोट काढ, लावून देते. तो काढत नाही. कोट काढला की ही तो घेऊन पळेल, खिसे तपासेल, माणसं बोलावेल. आणि ती अंगावरचा कपडा शिवत नाही. तीन दिवस दोघं असेच. तिला वाटतं, याच्या कोटात बंदूक आहे. त्याला वाटतं, हिच्या मागे गाव उभं आहे. चौथ्या दिवशी तो कोट काढून देतो. लोक तिला मैत्रीची कादंबरी म्हणतील, पण ती खरं म्हणजे संशयाची आहे. मैत्री फार उशिरा येते, तीही अर्धीमुर्धी.

हे मला कुठून सुचलं? नागपूरजवळच्या कामठीहून. आमचं दुकान छावणीच्या रस्त्यावर आहे. आई फौजेतल्या लोकांचे कपडे दुरुस्त करते. बटण, बिल्ला, फाटलेला खिसा. मी लहानपणापासून तिच्या मशीनजवळ बसून वाचलं, तिथंच लिहिलं. आईचा एक नियम आहे. अंगावर घातलेला कपडा ती शिवत नाही. आमच्या पणजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे देव गेले, उपासतापास गेले, पण ही एक गोष्ट काही आईच्या हातातून गेली नाही. मी चिडवते तिला. ती म्हणते, "अंगावर तं मेलेल्याचं शिवते वं. जित्याच्या अंगावर सुई नाही चालवाची." मग स्वतःच वरमून म्हणते, "अन् टोचते बी ना."

एकदा एक मोठा साहेब आला होता. गाडी बाहेर उभी, परेडची घाई. म्हणाला, असंच लावून द्या पटकन. आई म्हणाली, "शर्ट काढा साहेब." तो बघतच राहिला. शेवटी पडद्यामागे जाऊन बनियनवर स्टुलावर बसला. छातीवरचे बिल्ले सगळे शर्टासोबत आईच्या मांडीवर. साहेब एकदम कुणीतरी काकाच दिसायला लागला. मला तेव्हा हसू आवरेना. तो साहेब माझ्या डोक्यात राहिला आणि त्यातून ही कादंबरी आली.

तीन मोठ्या वह्या भरल्या. प्रकाशकांना टाइप केलेलं लागतं. सायली म्हणाली, "दे माझ्याकडे, मी लॅपटॉपवर करते. मावशीला मीच वाचायला देईन." कॉलेजपासूनची मैत्रीण. माझं आडनाव कळल्यावर बाकीच्या पोरींची बोलण्याची तऱ्हा बदलली होती, ही मात्र बाकावर शेजारीच बसत राहिली. पुस्तकं दिली, वाढदिवसाला धरमपेठेतल्या घरी बोलावलं. पाच वर्षं म्हणत होती, "तुमच्याकडे यायचंय गं मला एकदा." कामठी काय चंद्रावर नाही. शेअर ऑटो जातात, बस जातात. ती आली नाही. माझ्या मनात तेव्हाही पाल चुकचुकली होती. मीच तिला गप्प केलं. एवढी चांगली वागते पोरगी, अन् आपण संशय घेऊन राहिलो!

तर त्या दिवशी ऑफिसात बाईंनी माझं पान बाजूला ठेवलं आणि टाइप केलेला गठ्ठा उघडला. आवाज एकदम मऊ झाला. "मला सगळ्यात आवडलेला प्रसंग सांगू? तो थंडीनं कुडकुडतोय. कोट अंगातच आहे. ती तशीच बटण लावते. दोरा दातानं तोडते, तिचा चेहरा त्याच्या छातीशी. काय जवळीक आहे! पहिल्याच भेटीत शत्रू विरघळतो. हे तुला कसं सुचलं?"

मला काही कळेना. मी म्हटलं, "हे मी लिहिलेलं नाही."

बाई खुर्चीत मागे टेकल्या. सायलीकडे बघून म्हणाल्या, "बघ, मी म्हणत होते ना? आता तीच सांगतेय."

मी खरं बोलले, आणि तेच माझ्या गळ्यात अडकवलं. एवढा वेळ मी प्रमाण भाषेत, शब्द तोलून मापून बोलत होते. ते सुटलं. "बाई, माह्या गोष्टीत तो कोट काढते. चार दिवस लागते त्याले. ती अंगावर शिवतच नाही."

"एका बटणाचा तर प्रश्न आहे."

"बटणाचा नाही ना! अंगावर शिवलं तं त्याले कोट काढाच लागत नाही. मंग भरवसा कायचा?"

तेव्हा कुठे सायलीनं तोंड उघडलं. टाइप करताना तिनं "थोडं सुधारलं" होतं. ते चार दिवस कंटाळवाणे वाटले, म्हणून काढून टाकले. आणि मावशीला तिनं सांगितलं होतं की आम्ही दोघींनी मिळून लिहिलं आहे; मावशीला मात्र वाटत होतं, सगळं सायलीनंच लिहिलं, माझं नुसतं नाव. "नाहीतर मावशीनं वाचलंच नसतं गं," ती म्हणाली.

बाईंना वाटलं, सगळं सुटलं. त्या खूश झाल्या. "मग उत्तमच. दोघींची नावं टाकू. सायलीचं आधी. दोन समाजांतल्या दोन मैत्रिणी, आणि विषयही शत्रूंच्या मैत्रीचा! वाचकांना फार भावेल." मग माझ्याकडे वळून अगदी मायेनं म्हणाल्या, "तुझं एकटीचं नाव टाकलं तर लोक वेगळंच काही शोधतील त्यात. तुम्ही लोक आत्मकथन किती छान लिहिता. तुझ्या आईवर का नाही लिहीत? ते मी लगेच छापीन. तुझ्या एकटीच्या नावानं."

डोक्यात तिडीक गेली. म्हणजे रडले तर ते माझं. पण युद्ध कल्पनेनं उभं केलं, दोन परकी पोरं जिवंत केली, तर त्याला सायली लागते. सोसण्यावर आमची मालकी, सुचण्यावर त्यांची. मला एवढी वर्षं वाटत होतं की मी मैत्रीत आहे. मी परीक्षेत होते. त्या कोऱ्या कागदाच्या फार आधीपासून.

मी म्हटलं, "माह्या वह्या द्या."

"टाइप केलेली प्रत आहे ना इथं," बाई म्हणाल्या.

"ते तुमचं ठेवा. मले वह्या पायजे."

वह्या सायलीच्या घरी होत्या. ती म्हणाली, शोधाव्या लागतील, उद्या आणून देते. मी म्हटलं, आत्ता. ती स्कूटीवर, मी मागून ऑटोनं. धरमपेठेत फाटकाबाहेर उभी राहिले, आत ये म्हणाली तरी गेले नाही. तिनं वह्या आणल्या. समासात सगळीकडे तिच्या पेन्सिलीच्या खुणा. चार दिवसांच्या पानांवर आडवी रेघ, आणि बाजूला लिहिलेलं, "इथे जवळीक हवी." सायली रडत होती. "मी तुझ्यासाठीच केलं गं."

ती खोटं रडत होती असं मी म्हणणार नाही. पण त्या रडण्यानं मी पाघळले नाही, हेही खरं आहे. मी म्हटलं, "माह्यासाठी कराचं होतं तं मावशीले सांगाचं होतं, हे हिनं लिवलं, वाच. एवढंच सांगाचं होतं."

घरी आईला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती भडकेल. ती मशीन थांबवून म्हणाली, "छापू दे ना दोन नावानं. पुस्तक तं निघन. आपल्याले कोण इचारते वं?" मला तिचा राग आला. मग कळलं, ती घाबरून बोलत होती. हातातलं जाईल म्हणून. मी तिला म्हटलं, "आई, तू त्या साहेबाले बनियनवर बसवलं होतं. तवा घाबरली होती का?" ती म्हणाली, "लय घाबरली होती." आणि पुन्हा कामाला लागली.

सायलीचा मेसेज आला. "आपण मैत्रिणी आहोत ना अजून?" मी लिहिलं, "कामठीले ये. दुकानात बस. माह्या आईसमोर सांग, पुस्तक कोणी लिहिलं." तिनं वाचलं, तशी खूण दिसते. याला दोन महिने झाले. ती आलेली नाही.

दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा मी मोबाइलवर टाइप करते. अंगठे दुखतात. ते चार दिवस मी कमी केले नाहीत, उलट आता सहा झाले आहेत. माझ्या त्या शिपाई पोराला कोट काढायला आता आणखी वेळ लागतो, आणि लागलाच पाहिजे. मला युद्धाची गोष्ट लिहायची होती. तिच्याआधी मला हे लिहायला लागलं, माझ्या अपमानाचं. बाईंना हवं होतं तसलंच. याचाही मला राग आहे, आणि तो मी लपवणार नाही. हे एकदाच लिहिलं. यापुढं माझ्याकडून कोणी माझं दुःख मागायला आलं तर मिळणार नाही.

कादंबरी निघेल. कोणी नाही छापली तर मी झेरॉक्स काढून वाटीन. पहिल्या पानावर एकच नाव असेल, माझं, आडनावासकट. सोबत प्रस्तावना नसेल, कोणाचे आभार नसतील, आणि लेखिका कोणत्या वस्तीतून आली, तिनं किती सोसलं, याची एक ओळसुद्धा मी कोणाला त्यावर लिहू देणार नाही.